कच्च्या कातडीचा माणूस

हेमराज स्वतःच्या पायांनी चालत आला, म्हणून प्रणालीला आधी काही वाटलंच नाही. त्याच्या खांद्यावर इस्तारी कोडापे होता आणि ओरडत होता तो इस्तारी. मोहाटेक खुल्या खाणीच्या त्वचाकक्षाचं दार हेमराजनं पायानं ढकललं, इस्तारीला खाटेवर पालथं घातलं आणि हसत प्रणालीला, आपल्या बायकोला, म्हणाला, "याच्या पाठीवर जळता कोळसा उडाला. याले आधी घे वं."

मग तिनं त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. कोपराखालची कातडी सुटून मनगटाशी गोळा झाली होती, ओला मोजा खाली सरकवावा तशी. आतलं मांस कुठे पांढरं, कुठे काळं. बोटांच्या टोकांवरून फरशीवर थेंब पडत होते.

"तुमचा हात बघा," ती म्हणाली.

"काय झालं हाताले?" हेमराजनं हात वर केला आणि उलटसुलट करून पाहिला, बाजारात एखादी वस्तू पाहावी तसा. "अरे बाप्पा! हा कधी भाजला?"

तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं.

डॉक्टर नाझनीन शेख इस्तारीच्या पाठीवर वाकल्या होत्या. त्यांनी मान वर करून प्रणालीकडे पाहिलं. प्रणालीनं हातमोजे चढवले, नवऱ्याची जळकी कातडी कात्रीनं कापून ट्रेमध्ये टाकली, जखम धुतली आणि फवारणीचं पिस्तूल हातात घेतलं. ती हे सगळं करत असताना हेमराज दुसऱ्या हातानं चहा पीत होता.

*

दगडी कोळसा पेटायला काडी लागत नाही. तो हवेतला प्राणवायू शोषतो आणि शोषताना थोडासा तापतो. उघड्यावर असला तर ती उष्णता वारा घेऊन जातो. पण फटीत, ढिगाच्या पोटात, हवा पोचते ती प्राणवायू देण्यापुरती. उष्णता बाहेर नेण्याइतका वारा तिथे नसतो. मग कोळसा तापतो, तापल्यामुळे आणखी प्राणवायू ओढतो, आणखी तापतो आणि एक दिवस आतल्या आत लाल होतो.

मोहाटेकला ही अडचण जास्त होती. तिथे पणजोबांच्या काळी भूमिगत खाण होती. खाली भुयारं खणून, छत तोलायला कोळशाचेच खांब ठेवून, ती माणसं निघून गेली होती. आता त्याच जागी वरून पायऱ्यापायऱ्यांनी खाण उघडत आणली होती. शॉव्हेलचा, म्हणजे खणणाऱ्या अजस्र यंत्राचा, दात एखाद्या जुन्या भुयाराच्या छतात घुसला की कित्येक वर्षं कोंडलेल्या कोळशाला एकदम हवा मिळे, आणि धूर निघू लागे. हेमराजच्या आग पथकाचं काम म्हणजे ती आग विझवायची, जळता कोळसा उपसायचा, भोक मातीनं बुजवायचं.

प्रणालीचे वडील याच खाणीत सुरुंगवाल्यांच्या हाताखाली होते. ते भाजले तेव्हा फवारा-त्वचा नव्हती. जिल्ह्याच्या दवाखान्यात, मच्छरदाणीखाली, केळीच्या पानावर ते पडून होते आणि भाजल्यानं नव्हे तर जखमा चिघळून गेले. शेवटी शेवटी त्यांच्या खोलीत आईलाही थांबवत नव्हतं. प्रणाली थांबायची.

म्हणून नवी त्वचा आली तेव्हा तिनं परिचारिकेची नोकरी सोडून हे शिक्षण घेतलं. शोध साधा वाटावा असा होता. माणसाच्या कातडीच्या पेशींवर मालकाची ओळख सांगणाऱ्या खुणा असतात. त्या पुसून टाकल्या की त्या पेशी कोणाच्याही अंगावर लावल्या तरी शरीर त्यांना परकं समजत नाही. अशा पेशी पातळ जेलीत मिसळायच्या आणि रंग मारावा तशा जखमेवर फवारायच्या. त्या झपाट्यानं वाढतात. आठवड्याभरात जखम झाकली जाते, डागही राहत नाही. पहिल्या माणसावर फवारा मारून पट्टी काढली तेव्हा खालची गुलाबी, गुळगुळीत पाठ पाहून प्रणाली रडली होती.

फक्त त्या कातडीत नसा नव्हत्या. शरीराच्या स्वतःच्या नसा खालून हळूहळू वर येतात, पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर त्या जागी ऊन-गार, दुखणं-खुपणं काही कळत नाही. आणि नसा पोचायच्या आत माणूस पुन्हा भाजला, पुन्हा फवारा मारला, की पुन्हा पहिल्यापासून.

आग पथकातली माणसं पुन्हा पुन्हा भाजत होती. आधी ती लांबून पाणी मारायची. ड्रायव्हर नसलेली पाण्याची तोफगाडी पुढे जायची. ती गाडी दुरुस्तीला गेली ती परत आलीच नाही. कोणाला तिची गरजही वाटली नाही, कारण माणसं जवळ जाऊ लागली होती. भाजलं तर भाजलं, आठवड्यात कामावर. आणि कामगार इतक्या लवकर कामावर परतला की कायद्यानं ती गंभीर दुखापत धरली जात नसे. खाणीच्या फाटकावर गंभीर दुखापतींची पाटी होती. तिच्यावर कैक वर्षं शून्य होतं.

पथकातली माणसं स्वतःला 'थंडे' म्हणवायची. कॅन्टीनमागे पैज लावून निखारा तळहातावर धरायची. इस्तारीचे दोन्ही पाय कमरेपर्यंत नवे होते. तो बूट काढून तापलेल्या पत्र्यावर उभा राहायचा आणि बिडी ओढायचा.

*

घरी हेमराज प्रणालीला हात लावत नसे. गेल्या उन्हाळ्यात बाजारात एक पिकअप मागे येताना त्यानं तिला मनगटाला धरून ओढलं होतं. तिचं हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला, त्यानं ऐकला, पण त्याच्या हाताला ते कळलंच नाही. ती किंचाळली तरी त्याची मूठ आणखी घट्ट होत गेली. मग बघ्यांतल्या कोणीतरी त्याच्या तोंडात भडकावली, तेव्हा सुटली. त्या दिवसापासून तो झोपताना दोन्ही हात स्वतःच्या पोटाखाली दाबून झोपायचा.

"येतील ना नसा," ती म्हणायची. "थोडे दिवस खाली नोका जाऊ."

"अन् पथक कोन सांभाळंल? इस्तारी?"

हे बोलून तो हसायचा. त्याला ते काम आवडत होतं, हे तिला ठाऊक होतं. आगीला पाठ न दाखवणारा माणूस म्हणून अख्ख्या वसाहतीत त्याचं नाव होतं.

डावा हात भाजल्याच्या दुसऱ्याच दिवशी खाणीचे व्यवस्थापक पिंपळशेंडे त्वचाकक्षात आले. टापटीप, मृदू बोलणारा माणूस. जाताना सगळ्या खाटांवरच्या माणसांची चौकशी करणारा.

"मॅडम, एक विचार आहे," ते डॉक्टर शेखना म्हणाले. "माणूस भाजतो, मग आपण त्याला त्वचा देतो. मधले दिवस फुकट जातात आणि त्याला त्रास होतो तो वेगळाच. त्यापेक्षा पथकात येतानाच हातापायांची जुनी त्वचा काढून नवी दिली तर? हातमोजा घालतो तसंच. भाजला तरी वेदना नाही."

"चांगली कातडी सोलायची?" डॉक्टर शेखनी विचारलं.

"सोलायची कसली. बदलायची. लोक तयार आहेत, मॅडम. एकानं तर संमती दिलीसुद्धा."

तो एक जण दारात उभा होता. प्रणालीचा धाकटा भाऊ धनपाल. कोळसा चाळण्याच्या यंत्रावर तो कंत्राटी कामगार होता. पथकात गेला तर कायम होणार होता. मोठ्या आनंदात, नवे कपडे घालून आला होता.

"ताई, तूच कर," तो म्हणाला. "दुसऱ्यापेक्षा तुहा हात बरा."

त्यानं तिच्यापुढे दोन्ही पंजे धरले. उजव्या अंगठ्याखाली लहानपणी विळ्यानं कापल्याची खूण होती. प्रणालीनं ते पंजे धरून खाली केले.

"मी नाही करत."

"काहून?"

"नाही करत म्हणजे नाही. साहेब, मी भाजलेल्याला कातडी देईन. चांगल्या माणसाची काढणार नाही."

"मीही नाही," डॉक्टर शेख म्हणाल्या. "आणि या खाणीत तिसऱ्या कोणाला हे यंत्र चालवता येत नाही."

पिंपळशेंडे चिडले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं. "हरकत नाही. पथकात माणूस कमी आहे. तो आहे तसाच जाईल."

संध्याकाळी हेमराज घरी आला तो आरडाओरडा करतच. "तुले समजते का काही? माह्या माणसायच्या अंगात चिलखत हाय, अन् तुह्या भावाले तू उघडा पाठवला! तो मेला तर?"

"त्याले नोका नेऊ."

"मी नेऊन रायलो का? हुकूम हाय!" त्यानं ताट भिंतीवर फेकलं. भात तिच्या अंगावर उडाला. फेकताना ताटाच्या फुटक्या काठानं त्याचा अंगठा चिरला होता, रक्त वाहत होतं. ते त्याला दिसलंही नाही. तीच उठली आणि फडकं बांधायला लागली.

*

पंधरवड्यानं मोठी आग लागली तेव्हा ऊन डोक्यावर यायचं होतं. खालच्या पायरीवर शॉव्हेलनं एक भुयार उघडलं होतं, एरवीपेक्षा मोठं. पिवळट धूर येत होता. पथक पाण्याचा रबरी नळ ओढत पुढे गेलं आणि नियमाप्रमाणे प्रणाली त्वचेची गाडी घेऊन वरच्या रस्त्यावर थांबली. तिथून तिला माणसं स्पष्ट दिसत होती, हाका ऐकू येत होत्या. नळाचं तोंड इस्तारीच्या हातात. त्याच्यामागे हेमराज. सगळ्यांत शेवटी नळाची वेटोळी सोडत असलेला धनपाल.

लाल कोळशावर पाणी मारण्यात एक धोका असतो. कोळसा पुरेसा तापलेला असला तर पाण्याची वाफ त्याच्यावर फुटते आणि तिचे दोन वायू होतात. दोन्ही पेट घेणारे. म्हणून पाणी कडेकडेनं मारायचं, कोळसा काळा होत जाईल तसं पुढे सरकायचं. पुढे किती सरकायचं हे सांगणारं मापयंत्र पथकाकडे होतं, पण तोंडावर येणारी धग हेच खरं मापयंत्र. तोंड भाजायला लागलं की माणूस आपोआप मागे येतो. इस्तारीचं तोंड सहाच महिन्यांपूर्वी नवं झालं होतं.

धनपाल मधेच नळ सोडून नाचायला लागला. प्रणालीला वाटलं, विंचू चावला.

"भाऊजी!" तो ओरडला. "खालून पोळून रायलं! जमीन तापली! पाय पोळून रायले माहे!"

पथक हसलं. इस्तारीनं मागे वळून पाहिलं. "अबे, नवी नवरी हायेस का बे तू? हळद लागली का पायाले?"

"मागं व्हा! अवो भाऊजी, मागं व्हा!"

हेमराज हसला नाही. त्यानं एक पाय उचलून पाहिला. बुटाचा तळवा वितळून जमिनीला चिकटला होता आणि उचलताना त्याच्या काळ्या तारा निघत होत्या. पायाला काही कळत नव्हतं. जमीन म्हणून ते ज्याच्यावर उभे होते ती राखेची साय होती. खालचा कोळसा जळून गेला होता.

"मागं!" हेमराज ओरडला. "सोडा नळ! पळा!"

माणसं पळाली. इस्तारी नळाचं तोंड हातात घेऊन पुढे होता. ते बंद करायला तो एक पाऊल पुढे गेला, आणि जमीन त्याच्याखाली बसली.

तो कमरेपर्यंत आत गेला. धूर बाजूला झाला तेव्हा प्रणालीला त्याचा चेहरा दिसला. तो वैतागलेला होता, इतकंच.

"रस्सी टाका बे कोनी," इस्तारी म्हणाला. "पाय गुंतला."

त्याच्या कमरेभोवती लाल कडं दिसत होतं. त्याचा पट्टा पेटला. तो हातानं आग झटकत होता, अंगावर बसलेली माशी हाकलावी तशी. "लवकर टाका ना," तो म्हणाला. "काही अडकलं हाय खाली, निघून नाही रायलं." आणि खरंच हसला, आपल्या फजितीवर हसावं तसा.

हेमराज पोटावर पडून सरकत गेला. त्यानं दोन्ही हात त्या लाल काठात घातले आणि इस्तारीच्या काखेत अडकवून ओढलं. इस्तारी वर आला. जेवढा यायचा तेवढाच आला. मांड्यांच्या खाली काही नव्हतं. इस्तारीनं खाली पाहिलं. पाहिल्यावर त्याला कळलं. तेव्हा त्यानं तोंड उघडलं, पण आवाज निघायच्या आत भुयारात साठलेला वायू पेटला.

आवाजापेक्षा आधी हवा आली. गाडीची काच प्रणालीच्या अंगावर फुटली. तिनं डोळे उघडले तेव्हा भुयाराच्या जागी ज्वाळेचा खांब होता, इस्तारी नव्हता, आणि हेमराज उताराला दगडासारखा गडगडत खाली आला होता. त्याच्या अंगावर चढून धनपाल आपल्या सदऱ्यानं आग विझवत होता. धनपाल गुरासारखा ओरडत होता. त्याच्या तळपायांना टरारून फोड आले होते आणि प्रत्येक पावलाला तो किंचाळत होता, तरी पावलं टाकत होता.

प्रणाली उताराला घसरत, पडत, खाली पोचली. त्या संपूर्ण पायरीवर ओरडणारा माणूस एकच होता. बाकीचे शांत उभे होते, कोणाचा कान जळालेला, कोणाची पाठ उघडी, आणि एकमेकांना विचारत होते, "माह्यं काय झालं बे? पाह्यजो मागून."

*

त्वचाकक्षातल्या सगळ्या खाटा भरल्या. हेमराजच्या दोन्ही हातांची बोटं काळी पडली होती. डॉक्टर शेखनी डाव्या हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला टोचून पाहिलं आणि मान हलवली. ती दोन जाणार होती. बाकीच्या हाताला फवारा चालणार होता. प्रणालीनं पिस्तुलात जेली भरली.

पिंपळशेंडे आले. त्यांचे डोळे लाल होते. इस्तारीच्या घरी जाऊन आले होते. ते धनपालच्या खाटेशी गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझ्यामुळे माणसं वाचली, बेटा. मी वर बोललो आत्ताच." मग ते डॉक्टर शेखकडे वळले. "मॅडम, तुमचं बरोबर होतं. याची त्वचा बदलली असती तर सगळेच गेले असते. आता असं ठरलंय, प्रत्येक पथकात एक कच्च्या कातडीचा माणूस ठेवायचा. तो सगळ्यांत पुढे चालेल. त्याला पोळलं की बाकीचे मागे येतील."



"त्याच्यावर फवारा मारायचा नाही, एवढं लक्षात ठेवा," पिंपळशेंडे म्हणाले. "त्याच्या नसा शाबूत राहिल्या पाहिजेत. बाकीच्यांना मात्र लवकर उभं करा. आग चालू आहे. सोमवारी सगळे हवेत."

धनपाल छताकडे पाहत होता.

प्रणालीनं हेमराजच्या हातावर पिस्तूल धरलं.

"थांब," हेमराज म्हणाला.

"हलू नोका."

"हे नोको मारू. तुह्या बाबाच्या वेळी करत होते ना, मांडीची कातडी काढून लावायचे? तसं कर. मांड्या अजून माह्याच हायेत."

प्रणालीनं पिस्तूल खाली घेतलं. "महिने लागतील. रोज पट्टी बदलाव लागंल. लई दुखंल तुमाले, औषध देऊनही दुखंल. बोटं सरळ होतील असं काही नाही."

"इस्तारी हसून रायला होता वं," हेमराज म्हणाला. "जळता जळता हसून रायला होता. मले हळू बरं कर."

शेजारच्या खाटेवरचा माणूस कुशीवर वळला. "मले बी," तो म्हणाला. त्याच्या पलीकडचाही म्हणाला. एकामागून एक सगळी माणसं बोलली. एकानं नुसता हात वर केला.

काय घडतंय हे पिंपळशेंडेंना क्षणात समजलं. इतकी माणसं महिनोन्महिने खाटेवर, म्हणजे इतक्या गंभीर दुखापती. म्हणजे चौकशी, म्हणजे खाण बंद. तो मृदू माणूस एकाएकी बदलला. "मूर्खपणा आहे हा!" ते ओरडले. "आगीत पुढची पायरी जाईल, वसाहत जाईल! द्या ते इकडे." त्यांनी प्रणालीला छातीवर धक्का मारला. ती औषधांच्या कपाटावर आदळली. पिंपळशेंडेंनी पिस्तूल उचललं, हेमराजचं मनगट धरलं आणि उघड्या मांसावर दाबलं. "यंत्रच तर आहे. मी मारतो."

धनपाल खाटेवरून उतरला. तळपायांचे फोड फुटले आणि फरशीवर ओले ठसे उमटले. दोन पावलं तो रडत चालला, सलाईनचा लोखंडी स्टँड उपटला आणि पिंपळशेंडेंच्या तोंडावर हाणला. एकदा, मग आणखी एकदा. दुसऱ्या घावाला ते खाली बसले. भुवईपासून गालापर्यंत मांस उघडं पडलं होतं आणि पांढऱ्या शर्टावर रक्त धो धो येत होतं. स्टँड पुन्हा वर गेला तेव्हा प्रणालीनं भावाला मागून कवेत आवळलं.

"बस! धन्या, बस झालं!"

स्टँड खणखणत पडला. धनपाल बहिणीच्या अंगावर कोसळला.

डॉक्टर शेख पिंपळशेंडेंजवळ बसल्या. त्यांनी जखम कापसानं दाबली, फरशीवर पडलेलं पिस्तूल उचललं आणि पिस्तुलाच्या तोंडावरची नळी बदलली. "खोल आहे, पण फवाऱ्यानं होईल," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "आठवड्यात डागही दिसणार नाही."

पिंपळशेंडेंनी त्यांचा हात धरून बाजूला केला. "नको," ते म्हणाले. "ते नको. टाके घाला."

डॉक्टर थांबल्या. कक्षातला एकूण एक माणूस पिंपळशेंडेंकडे पाहत होता. रक्ताआडून त्यांनाही ते दिसलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली आणि मग टाके घालून होईपर्यंत वर केली नाही. टाके घालताना मात्र ते विव्हळत होते.

*

धनपालला पोलिसांनी त्याच खाटेवर अटक केली. त्याचा खटला अजून उभा राहायचा आहे आणि वकील म्हणतो, शिक्षा होईल. प्रणालीला आणि डॉक्टर शेखना कंपनीनं निलंबित केलं, पण त्यांच्या जागेवर यायला कोणी तयार होईना, म्हणून निलंबित असूनही दोघी रोज येत राहिल्या. खाण निरीक्षक आले, खाटा मोजल्या आणि तो भाग बंद केला. जुन्या भुयारांत वाळू-पाणी भरायचं ठरलं, जे मुळातच आधी करायचं होतं. आग अजून आहे. ती इतक्यात विझणार नाही.

हेमराजची पट्टी बदलायची वेळ सकाळची असे, पहिली पाळी खाली जायच्या सुमाराची. फवाऱ्याची बधिर कातडी खरवडून, जिवंत नसांपर्यंत पोचूनच मांडीची कातडी लावली होती; ती धरली आहे की नाही हे आज कळायचं होतं. प्रणालीनं सुई देऊन थोडा वेळ जाऊ दिला आणि मग पट्टीचं टोक धरलं. पट्टी चिकटली होती. कोमट पाण्यानं भिजवत ती एकेक पदर सोडवू लागली.

हेमराज ओरडला. आधी दात आवळून, मग तोंड उघडून. त्यानं देवाला शिव्या दिल्या, कंपनीला दिल्या, मग तिला दिल्या. तिच्या आईवरून, बापावरून, लग्नात कोणी काढली नव्हती अशी अशी माणसं काढून दिल्या. तिनं हात थांबवला नाही. त्याच्या ओरडण्यानं पलीकडच्या खाटेवरचा जागा झाला. त्याचीही पट्टी व्हायची होती, आणि भीतीनंच तो कण्हायला लागला. मग तिसरा.

खिडकीबाहेर फाटकाशी पहिल्या पाळीची माणसं उभी होती. इतर विभागांत काम चालू होतं, त्यांना खाली न्यायला गाडी आली होती. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. कोणी चढलं नाही. सगळे त्वचाकक्षाच्या खिडकीकडे तोंड करून ऐकत होते.

शेवटचा पदर निघाला. खालची कातडी खडबडीत होती, कडा जांभळ्या, मधे शिवणीच्या रेघा. ती धरली होती. प्रणाली त्याच्यावर वाकली आणि एका कोपऱ्यात चिकटलेला दोरा चिमट्यानं उचलला.

"हळू ना वं!" हेमराज किंचाळला, आणि त्यानं आपला हात झटकन मागे ओढून घेतला.